चरग पडलेला वाफा

संकेश्वर सोडून तवंदीचा घाट उतरला की बसच्या खिडकीतून तंबाखूचा वास आत येतो. हिवाळ्यात तो जास्त येतो. निपाणीत राहणाऱ्यांना तो जाणवत नाही. मलाही बेळगावला नोकरीला लागेपर्यंत कधी जाणवला नव्हता. वर्तमानपत्राच्या कचेरीत पहिला हिवाळा काढून घरी निघालो होतो, तेव्हा घाटाच्या शेवटच्या वळणावर तो आला आणि आपण ज्यात वाढलो त्याला वास होता, हे समजले.

यंदाही मार्गशीर्ष संपत आला आणि अव्वाचा फोन आला. आम्ही आईला अव्वा म्हणतो. चिकोडी रस्त्याच्या आमच्या भागात जैनांच्या घरांत अर्धी भाषा कानडी असते. अव्वा फोनवर विचारपूस करत नाही. ती थेट कामाचे बोलते.

"अमावस्येला रजा काढलास न्हवं? टोपली कोण धरायचं?"

मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे येळ अमावस्या म्हणतात. शाळू पोटरीत असतो, हरभरा फुलात असतो. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी रानात जायचे, उभ्या पिकाची पूजा करायची आणि घरून नेलेले जेवण आधी रानाला वाढायचे. दहीभात, कडबू, भाकरीचा कुस्करा, भाजी, सगळे एका टोपलीत कालवतात आणि मुठीमुठीने शेतभर टाकत जातात. त्याला चरग म्हणतात. एकजण टोपली धरतो, एकजण टाकतो, मागून एकजण पाणी शिंपडत येतो. मग माणसे जेवायला बसतात. जमीन या दिवसांत पोटुशी असते, तिचे डोहाळे पुरवायचे असतात, असे आत्या सांगते. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि तेव्हापासून आमच्याकडेच राहते. पाणी गाळून आणि उकळून पिण्याचा नियम घरात तिच्याइतका कडक कुणी पाळत नाही.

टोपली धरायची म्हटली की एक जुनी अमावस्या आठवते. त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच प्रश्न होता. तो आप्पांचा होता आणि आप्पांनी तो मोठ्याने एकदाच विचारला.

आमच्या घराने तंबाखू केला. आजोबांनी केला, त्यांच्या वडिलांनी केला. काळे रान, वर्षाला एक पीक, जुलैत तरवा, श्रावण-भाद्रपदात लावण, मग खुडणी, शेंडे मारणे, कापणी, वाळवण. त्या रानाने आम्हाला शाळेत घातले, माझी धाकटी बहीण पद्मजा हिला विज्ञान शिकवले. हे लिहायला हवे, कारण पुढे जे घडले त्यात त्या पिकाविषयी कृतघ्नपणा नव्हता. आप्पांच्या मनात तर नव्हताच. त्या वर्षी चातुर्मासात गावात मुनिमहाराज होते. लोक काही ना काही नियम घेत होते. कुणी रात्रीचे जेवण सोडले, कुणी गूळ सोडला. आप्पा उठले आणि पुढच्या चातुर्मासापर्यंत तंबाखू करणार नाही, असा नियम घेऊन घरी आले. अव्वाने भाकरी थापता थापता ऐकून घेतले. तिने एवढेच विचारले, "एकाएकी काय झालं?"

आप्पा म्हणाले, "हात धुतले तरी वास जात न्हाय."

त्यांना तो वास कधीपासून येत होता, कुणास ठाऊक. मला वाटत होते तो घाट उतरणाऱ्यांनाच येतो.

दसरा झाल्यावर रानात हरभरा पेरला गेला, एका कडेला थोडा शाळू. उगवण चांगली झाली. मग वीतभर वाढून पीक थांबले. पाने पिवळी पडत गेली. खालून वर, एकसारखी. बांधाच्या कडेची थोडी रोपे तेवढी हिरवी होती, पण ती पाटाच्या ओलीमुळे, असे सर्वांनी धरले. बांधावर उभे राहिले की शेजारच्या तंबाखूचा काळपट हिरवा रंग आणि मधेच आमचा पिवळा तुकडा, असे दिसे. शेजारी बाबूराव. चांगला माणूस, जिभेला हाड नाही. रोज संध्याकाळी बांधावर येऊन आप्पांना ऐकवायचा.

"आप्पा, तुमच्या रानाला कावीळ झालीया."

आप्पा हसायचे. एके दिवशी बाबूराव कामाचे बोलला.

"ह्या मातीला तंबाखूबिगार काय ठाऊक न्हाय. आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार? पुढच्या साली मला खंडानं द्या. नियम तुमचा, पीक माझं."

त्यात थट्टा होती आणि खरेपणाही होता. आप्पांचा नियम एका वर्षाचा होता. तो जन्माचा करावा, असे त्यांच्या मनात होते आणि ते घरात सर्वांना कळले होते. पण हरभरा आला नाही तर रान पुन्हा तंबाखूला द्यावे लागणार. स्वतः केला काय किंवा खंडाने दिला काय, आप्पांच्या हिशेबी वास तोच होता.

पद्मजा तेव्हा बेळगावला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटचे काम करत होती. मातीतले सूक्ष्मजीव हा तिचा विषय. ती दिवाळी उलटल्यावर घरी आली तेव्हा आप्पा तिला रानात घेऊन गेले. मीही होतो. तिने मधले एक रोप हळूच मुळासकट उपटले, पाटाच्या पाण्यात धुतले आणि उजेडाकडे धरले. मुळे केस विंचरल्यासारखी स्वच्छ होती.

"गाठी नाहीत," ती म्हणाली. "आप्पा, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यात जिवाणू राहतात. ते हवेतलं नत्र धरून पिकाला देतात. ते नाहीत, म्हणून हा पिवळा."

आप्पांनी ते रोप तिच्या हातातून घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"ह्या मातीत हरभऱ्याचं कुणी हाय का न्हाय, एवढं सांग मला."

हा तो प्रश्न. एवढाच. पण त्या वेळी आम्हा कुणालाच, पद्मजालाही, तो एवढाच आहे हे उमगले नाही. तिला त्यात मोठा अभ्यास दिसला. तीन पिढ्या तंबाखू खाल्लेली माती, तिच्यात कोण कोण राहते, कोण निघून गेले. तिने रानाच्या मध्यावर एक वाफा आखला आणि बांधाजवळ दुसरा. चार कोपऱ्यांना खुंट्या, सभोवार सुतळी, खुंटीला लाल कापडाची चिंधी. पीक फुलावर आले की दोन्हीकडची माती उचलायची, असे ठरले. त्याच सुमारास मुळांवर जे काही व्हायचे ते झालेले असते.

आत्याने खुंट्या पाहिल्या आणि विचारले, "ह्या मातीचं करणार काय तू?"

"बारीक काचेचे मणी घालून घुसळायची. मग पेशी फुटतात आणि आतला डीएनए बाहेर येतो."

"म्हंजे सगळे मरत्यात?"

"हो."

आत्याने कपाळाला हात लावला. "सकाळी पाणी गाळून पेतीस आणि दुपारी कोट्यानं जीव मारतीस. ह्याला डॉक्टर म्हंत्यात व्हय?"

त्या दिवसापासून पद्मजाचा फोन आला की आत्या पहिल्यांदा विचारायची, "आज किती मारलीस गं?" आणि पद्मजा तितक्याच गंभीरपणे सांगायची, "आज सुट्टी हाय आत्या, सगळे सुखरूप."

बेळगावला आम्ही दोघे भाऊबहीण आठवड्यातून एकदा कॅम्पात भेटायचो. चर्चच्या मागच्या रस्त्याला एक लहानसे हॉटेल आहे, तिथे चहा घ्यायचो. ती तिच्या पद्धतींविषयी बोलायची आणि मी माझ्या धंद्याच्या भाषेत समजून घ्यायचो. मातीतले जिवाणू ओळखायचे तर सर्वांत जुनी पद्धत म्हणजे काचेच्या बशीत खुराक घालून ते वाढवायचे. पण मातीतले बहुतेक जिवाणू बशीत वाढतच नाहीत. मी म्हणालो, हे पत्रकार परिषदेसारखे झाले. जे बोलायला येतात त्यांच्यावरून गाव ओळखायचे.

"बरोबर," ती म्हणाली. "म्हणून आता डीएनए काढतात. जे आहेत त्या सगळ्यांचा एकदम. मग ओळखीच्या एका तुकड्यावरून नावं लावतात. जनगणनाच."

"यात खोट काय?"

"मेलेल्यांचाही डीएनए मातीत बराच काळ राहतो. त्यांचीही नावं येतात."

निवडणुकांच्या बातम्या केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मतदार यादी हाती आली की आधी आपल्या गल्लीतली गेलेली माणसे शोधायची, ती बहुधा सापडतात.

मग आरएनए. पेशी प्रत्यक्ष काम करत असेल तरच ते बनते आणि बघता बघता नासते. म्हणजे ही झाली कामावरची हजेरी. त्यासाठी माती उचलताक्षणी गोठवावी लागते आणि निपाणीच्या रानापासून बेळगावच्या शीतपेटीपर्यंत तशीच न्यावी लागते. ते कसेही जमवता आले असते, पण पद्मजाची अडचण वेगळी होती. नत्राचे काम हे जिवाणू गाठीत बसल्यावरच करतात. गाठच नाही तर हजेरी कशाची घ्यायची? सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या दाराशी उभे राहून कामगार नाहीत असे लिहिण्यासारखे ते होईल.

शेवटी तिने जनगणना धरली. सगळ्यांची नावे येतील, त्यात हरभऱ्याचेही येतील. तिच्या मार्गदर्शक मॅडमांनी मान हलवली, पण मनापासून नाही. मॅडम येळ्ळूरच्या. घरचे भाताचे रान, भातानंतर त्याच ओलीवर मसूर. त्या म्हणाल्या, "डीएनए वाचून घ्यायला नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायची संधी एकदाच आहे. पाठवण्याआधी स्वतःला विचार, तुला नक्की काय विचारायचंय." पद्मजा म्हणाली, विचारलंय. तेव्हा तिला तसे वाटत होते.

अमावस्येच्या सकाळी आम्ही दोघे बेळगावहून निघालो. बस संकेश्वरला बराच वेळ थांबली. आम्ही रानात पोचलो तेव्हा पूजा होऊन चरग सुरू झाला होता. शाळूच्या ताटांना हळदीकुंकू होते. आप्पा टोपली धरून पुढे, अव्वा टाकते आहे, मागे आत्या तांब्यातून पाणी शिंपडते आहे. आप्पा अधूनमधून कानडीत आरोळी देत होते. ऊन कोवळे होते. दह्याचा, कडबूतल्या गुळाचा आणि शेजारच्या रानातल्या हिरव्या तंबाखूचा, असे तीन वास एकमेकांत न मिसळता येत होते.

अव्वाने आम्हाला पाहिले आणि हात न धुताच पुढे आली. तिचा चेहरा फुलला होता.

"पद्मी, चल दाखवतो तुला. तुझ्या वाफ्याला पयला मान दिलाय."

मधल्या वाफ्याच्या चारी खुंट्यांना कुंकू लावलेले होते. लाल चिंध्यांच्या जोडीला झेंडूची फुले होती. सुतळीला दहीभाताची शिते चिकटलेली होती आणि आतल्या पिवळ्या रोपांवर, मातीवर, सगळीकडे पांढरे पडले होते.

"दोन मुठी जास्तच टाकल्या," अव्वा म्हणाली. "लेकीचं हाय म्हनून."

पद्मजाच्या हातात माती भरायच्या पिशव्यांची गुंडाळी होती, ती तिने झोळीत परत ठेवली.

"गप का झालीस?" आत्या म्हणाली. "मारायला जागा न्हाय उरली व्हय?"

पद्मजा हसली. मग आम्ही सगळे शाळूच्या सावलीत जेवायला बसलो. तिने नेहमीपेक्षा जास्त खाल्ले, दहीभात मागून घेतला. अव्वाला तिने त्या दिवशी काहीच सांगितले नाही.

परतीच्या बसमध्ये मी विचारले. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "दह्यात काय असतं अण्णा? जिवाणूच. आता त्या मातीची जनगणना केली तर सगळ्यात मोठं घराणं दह्याचं निघेल. मी लिहीन की तंबाखूच्या रानात दह्याचे जिवाणू सापडतात. लोक हसतील, आणि बरोबर हसतील."

"दुसरीकडची माती घे."

"चरग सगळ्या रानात पडतो. त्यासाठीच असतो तो. आणि दही जिरून जाईपर्यंत थांबले तर पीक फुलावरून जाईल."

पुढच्या वर्षी घे, असे सांगण्यात अर्थ नव्हता. पुढच्या वर्षी त्या रानात काय असेल, हेच तर ठरायचे होते. तिने विचारले असते तर अव्वाने चरग टाकला नसता, आणि तिने विचारले नाही, कारण चरगाचे कुणी कुणाला विचारत नाही. तो असतोच. प्रयोगाची आखणी करताना पाऊस, ऊन, खत, सगळे मोजले होते. आपल्याच घरातली अमावस्या तेवढी मोजायची राहिली. दुसऱ्या कुणाच्या रानात तिने पहिल्यांदा हीच चौकशी केली असती.

बस गच्च भरली होती. अमावस्या करून परतणारी माणसे, मांडीवर पिशव्या, कुणाच्या डब्यातून शेंगापोळीचा वास. हत्तरगी जवळ आली तसा कंडक्टर पुढून ओरडला, "हत्तरगी, हत्तरगी! यारु इळीतीरी?" कोण उतरणार, असे तो विचारत होता. गर्दीतून चारदोन माणसे हलली, बाकीचे डुलक्या घेत राहिले.

पद्मजा सरळ होऊन बसली. ती उतरणाऱ्यांकडे पाहत होती.

"अण्णा," ती म्हणाली, "ह्यानं बसमधल्या सगळ्यांची नावं विचारली का?"

"नाही."

"मग मी कशाला विचारतेय?"

बेळगाव येईपर्यंत ती बोलत होती. आप्पांनी मातीत कोण कोण आहे, हे विचारलेच नव्हते. हरभऱ्याचे कुणी आहे का, एवढेच विचारले होते. मुळाशी ओळख पटवून गाठ बांधायची, हे ज्या जनुकामुळे साधते ते हरभऱ्याच्या जिवाणूंजवळ असते. दह्याच्या जिवाणूंजवळ ते नसते. प्रायमर नावाचे डीएनएचे लहान तुकडे असतात. ते नेमक्या त्याच जनुकाला जाऊन चिकटतात, दुसऱ्या कशाला नाही. म्हणजे एकाच नावाची हाक. दही असेना का त्या मातीत. त्याचे नाव घेतले नाही तर ते उठणार नाही. त्या जनुकाच्या प्रती काढत जाणाऱ्या पीसीआरच्या यंत्रावर एक रेघ उमटते. ज्याला हाक मारली तो जितका जास्त असेल तितकी रेघ लवकर वर चढते.

"आणि मेलेले?" मी विचारले. "मतदार यादीचं काय?"

"त्यासाठी दुसरा साक्षीदार लागेल. कुंडीत तीच माती घालून हरभरा लावायचा. मेलेला जिवाणू गाठ बांधत नाही."

माझ्या धंद्यात एकाच्या सांगण्यावरून बातमी लावत नाहीत. दुसऱ्याने वेगळ्या वाटेने येऊन तेच सांगावे लागते. तिच्या तोंडून तोच नियम ऐकताना बरे वाटले. मॅडमना तिने दुसऱ्या दिवशी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता विचारलंस." एवढेच. बाहेर पाठवायची संधी दुसऱ्या एका विद्यार्थिनीला दिली गेली आणि पद्मजाला त्याचे वाईट वाटले नाही.

पुढच्या रविवारी ती एकटी जाऊन दोन्ही वाफ्यांतली माती घेऊन आली. थोडी बर्फाच्या पेटीत, बाकीची पोत्यात. कुंड्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर मांडल्या. काही कुंड्यांत मधली माती, काहींत बांधाकडची. सुट्टीच्या दिवशी तिला जमले नाही तर पाणी घालायचे काम माझ्याकडे आले. नळाच्या पाण्यातून भलताच जिवाणू यायला नको म्हणून ते उकळून, गार करून घालायचे होते. मी खोलीवर पातेले चढवायचो. आत्याला हे कळले तेव्हा तिने मुद्दाम फोन घेतला.

"पाणी उकळायला लागलास म्हनं. पेपरात जाऊन का हुईना, धर्माला लागलास."

"मी पीत न्हाय आत्या. झाडाला घालतोय."

"झाड तरी जैन झालं."

गच्चीवरून गावाची उत्तर बाजू दिसते. माघातल्या त्या सकाळी मला चांगल्या आठवतात. कचेरीत दिवसभर माणसे मोठ्याने बोलत. इथे कुंड्यांत काही घडत असलेच तर ते मातीखाली, आवाज न करता घडत होते. रोज नवी बातमी लिहिणाऱ्याला, बातमी नसलेल्या जागी नियमाने जाऊन पाणी घालण्याची सवय त्या हिवाळ्याने लावली. ती पुढे उपयोगी पडली.

यंत्रावरची रेघ आधी आली. पद्मजाने मला बोलावून घेतले. मधल्या मातीची रेघ पडद्यावर बराच काळ तळाशी सपाट सरकत राहिली आणि अगदी शेवटी जेमतेम उठली. बांधाकडच्या मातीची त्याआधी कितीतरी वर चढली होती. कुंड्यांनीही तेच सांगितले. मधल्या मातीतली रोपे पिवळी, मुळे कोरी. बांधाकडच्या मातीतली हिरवी. तिने त्यातले एक उपटून धुतले, तेव्हा मुळांवर मोहरीपेक्षा मोठ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली. आत गुलाबी होते.

"गुलाबी म्हणजे काम चालू," ती म्हणाली.

ती रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही घरी नेली. आप्पा सोप्यावर बसले होते. त्यांनी चष्मा लावला. आत्या वाकून पाहू लागली. पद्मजाने एक गाठ फोडून दाखवली.

"रगत हाय की गं ह्यात," आत्या म्हणाली.

"तसंच काहीसं हाय आत्या. आपल्या रक्तासारखंच काम करतं ते."

"मग? मी कवापास्नं काय सांगतोय?"

आप्पांचे लक्ष दुसरीकडे होते. "बांधालाच का? मधे का न्हाय?"

ते अजून कळलेले नाही, असे पद्मजाने सांगितले. अव्वा आतून पाणी घेऊन आली होती, ती म्हणाली, "बांधाला माझ्या दोन वळी असत्यात की. भाजीला."

मग सगळ्यांना आठवले. इतकी वर्षे सगळ्या रानात तंबाखू असायचा आणि बांधाच्या कडेने अव्वाच्या हरभऱ्याच्या दोन ओळी. कोवळे शेंडे खुडून ती भाजी करायची, सोलाणे आम्ही रस्त्याने खात यायचो. त्या ओळींना पीक म्हणावे असे कुणाच्या मनात आले नव्हते. आप्पा म्हणायचे, राहू दे, बायकांचं असतंय. त्या दोन ओळींच्या मुळाशी हरभऱ्याचे जिवाणू वर्षानुवर्षे टिकून राहिले होते. अव्वालाही हे ठाऊक नव्हते. तिने भाजीसाठी हरभरा लावला होता. पण मला वाटते, पुष्कळ गोष्टी अशाच टिकतात. त्या टिकवायच्या म्हणून कुणी काही करत नसते, रोजच्या जेवणाच्या निमित्ताने कुणाच्या तरी हातून त्या राखल्या जातात.

पद्मजाने पुढचे समजावले. बांधावरची माती उचलून पेरणीच्या वेळी रानभर पसरायची. दुकानात जिवाणूंची पाकिटे मिळतात, तीही चालतात. पण बांधावरचे या मातीत, या उन्हात टिकलेले आहेत.

"म्हंजे विरजण," अव्वा म्हणाली.

पद्मजा तिच्याकडे पाहत राहिली. मग अमावस्येला काय झाले होते ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. दही, वाफा, बस, हत्तरगीची हाक. अव्वाने सगळे ऐकून घेतले आणि तिचा चेहरा उतरला.

"माझ्यामुळं तुझं काम नासलं व्हय?"

"नासलं न्हाय अव्वा. तू दही टाकलं नसतंस तर मी अजून सगळ्यांची नावंच लिहीत बसले असते."

आप्पांनी रोप फडक्यात परत ठेवले. "खात्री हाय?" त्यांनी विचारले. रान हिरवे होईल याची खात्री, हे सर्वांना कळले.

"हरभऱ्याचे आहेत, जिवंत आहेत, एवढं मी सांगते," पद्मजा म्हणाली. "वाढतील का, ते रानानं सांगायचं."

ती हो म्हणाली असती तर आप्पांना बरे वाटले असते. ती तसे म्हणाली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. जेवढे कळले तेवढेच सांगणे माझ्या धंद्यातही फार थोड्यांना जमते.

उन्हाळा संपत आला. तंबाखूचा तरवा टाकायचे दिवस आले तसा बाबूराव सोप्यावर येऊन बसला. खंडाचे काय, म्हणाला. आप्पांनी त्याला चहा दिला.

"बांधावरची माती आत नेतोय," आप्पा म्हणाले.

"मातीत माती टाकून काय हुतंय?"

"बघू."

"आणि न्हाई झालं तर? नियम सुटला की तुमचा."

"न्हाय सुटला. जन्माचा केला काल."

बाबूरावाने कप खाली ठेवला. "रान बोलायच्या आधीच?"

"रान आपल्याशी कवा बोलायचं? पोरगीनं विचारलं म्हनून बोललं तेवढं."

दसऱ्यानंतर माती पसरली. आप्पा, मी आणि बाबूरावही. त्याने स्वतःहून पाटी उचलली आणि दिवसभर आम्हाला वेड्यात काढत राहिला. त्या वर्षी रान सगळे हिरवे झाले नाही. मधे मधे पिवळे पट्टे होतेच. पण मधल्या वाफ्याच्या जागेवर आप्पांनी एक रोप उपटून पाटात धुतले आणि बाबूरावाच्या हातात दिले, तेव्हा त्याच्या मुळांना गाठी होत्या. बाबूरावाने एक नखाने फोडली, आत पाहिले आणि काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती. पट्टे दरवर्षी कमी होत गेले.

पद्मजाचा प्रबंध झाला. आता ती बेळगावशेजारच्या मच्छे गावाजवळ एका प्रयोगशाळेत आहे, तिच्याकडे शिकायला मुली येतात. यंत्रे वाढली, पद्धती वाढल्या, पूर्वी वर्ष लागायचे ते आता पटकन होते. नव्या मुली आल्या की सगळ्यांचा सगळा डीएनए वाचायचा म्हणतात. ती त्यांना एकदा हत्तरगीच्या कंडक्टरची गोष्ट सांगते आणि मग विचारते, तुमच्या बसमधून कोण उतरायचंय? माझ्या ओळखीच्या काही बातमीदारांनाही मी हे विचारून पाहिले आहे.

घाट उतरताना वास अजून येतो. आमच्या रानाचा त्यात वाटा नाही, एवढाच फरक. आप्पा आता थकले, टोपली धरवत नाही. म्हणून ती माझ्याकडे आली. अव्वा चरगात सगळे पूर्वीसारखेच कालवते, दहीभात, कडबू, भाकरी, भाजी. शेवटी बांधाकडे जाते, आपल्या दोन ओळींच्या मुळाशी वाकते आणि एक ओंजळ माती घेऊन टोपलीत टाकते. पेरणी होऊन गेलेली असते, त्या मातीचा या दिवसांत पिकाला फारसा उपयोग नाही, असे पद्मजाने तिला एकदा सांगितले होते. दुसऱ्यांदा सांगितले नाही.

मग आम्ही निघतो. आप्पा बांधावर बसून आरोळी देतात. आत्या काठी टेकत मागून पाणी शिंपडते. खुंट्या केव्हाच निघाल्या, सुतळीही गेली. सगळे रान आता सारखेच दिसते. पण मध्यावर आलो की अव्वा थांबते, मलाही थांबायला लावते, टोपलीत हात खोल घालते आणि तिथे अजून दोन मुठी जास्त टाकते.